बुजलेल्या कानाच्या नळीला नवे अस्तर लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कान वर्षानुवर्षे वाहत राहिला की त्याची नळी आतून बुजते आणि ऐकू येईनासे होते. आरोग्य पुरवण्यांत हा विषय अधूनमधून येतो आणि मजकुराच्या शेवटी एक ठरलेले वाक्य असते: ‘छोट्याशा शस्त्रक्रियेने नळी मोकळी करता येते.’ ते वाचून रुग्ण येतो तो तुंबलेला पाइप साफ करून घ्यायच्या समजुतीने. सहा महिन्यांनी नळी पुन्हा बुजली की त्याला वाटते, डॉक्टरने काम अर्धवट सोडले. कधी कधी ते खरेही असते. नळीत वाढलेले मांस काढणे हा या शस्त्रक्रियेचा सोपा भाग. उघड्या पडलेल्या हाडावर कातडी बसवणे आणि ती रुजेपर्यंत सांभाळणे हे खरे काम, आणि पुरवणीत नेमके तेच गळते. कानाच्या शस्त्रक्रिया करणारे म्हणून तो तपशील वाचकांपुढे ठेवतो आहोत. पत्र लांबले आहे. कापायचेच झाले तर सुरुवातीची शरीररचना कापावी, शस्त्रक्रियेनंतरच्या काळजीचा भाग नको.

नळी म्हणजे कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतचा रस्ता. (नाकाच्या मागून मधल्या कानात जाणारी आणखी एक नळी असते, सर्दीत दडे बसतात ते तिच्यामुळे. तिच्याशी या पत्राचा संबंध नाही.) मोठ्या माणसात हा रस्ता साधारण २.५ सें.मी. लांब. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, आतला दोन तृतीयांश हाडाचा. बाहेरच्या भागातली कातडी अर्धा ते एक मि.मी. जाड, तिच्यात केस असतात आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. हाडावरची कातडी मात्र ०.२ मि.मी.च्या आसपास. तिच्याखाली चरबी नाही, ग्रंथी नाहीत, थेट हाडाचे आवरण. सक्शनचे टोक तिथे नुसते टेकले तरी माणूस खुर्चीत दचकतो तो यामुळेच.

ही पातळ कातडी एक जागावेगळे काम करते. तिचा वरचा थर पडद्याच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेने सरकत राहतो, दिवसाला सुमारे ०.१ मि.मी., म्हणजे नख वाढते साधारण त्याच गतीने. मळ आणि मेलेली कातडी आपोआप बाहेर येते ती या सरकत्या पट्ट्यावरून. पट्टा थांबला की कचरा आत साठतो, ओल धरतो आणि जंतूंचे फावते.

नळी बुजते कशी, तेही थोडक्यात. पडदा नळीत काटकोनात बसवलेला नसतो, तो तिरका असतो. त्यामुळे पुढच्या आणि खालच्या बाजूला पडदा आणि हाड यांच्यामध्ये एक चिंचोळी खाच तयार होते. पू साचतो तो या खाचेत, औषधाचे थेंब सर्वांत कमी पोचतात तेही इथेच. तिथली कातडी आधी सोलवटते. सोलवटलेल्या जागेवर लालसर, दाणेदार मांस येते. समोरासमोरच्या दोन कच्च्या जागा एकमेकींना चिकटतात, खाच भरते आणि भराव हळूहळू पडद्यावर चढत जातो. काही महिन्यांत या मांसाचे घट्ट तंतू होतात, बाहेरच्या बाजूने त्यावर कातडी चढते आणि नळी मध्येच संपते. तपासताना दिसते ती फिकट, गुळगुळीत, पिशवीच्या तळासारखी भिंत. पडद्याची चमक नाही, पडद्याला चिकटलेल्या हातोडीच्या हाडाची खूण नाही. नवख्या डॉक्टरला हाच पडदा वाटतो आणि ‘पडदा जाड झालाय’ असा शेरा कागदावर पडतो. नळीची लांबी मनातल्या मनात मोजली तर चूक लगेच कळते: ही भिंत फार लवकर समोर आलेली असते.

कारण बहुतेकदा एकच नसते. नळीचा जुना दाह, पडद्याला भोक असल्याने मधल्या कानातून वर्षानुवर्षे झिरपणारा पू, इसब, सोरायसिस, कानाची आधी झालेली शस्त्रक्रिया, मार लागणे, श्रवणयंत्राचा घट्ट साचा, आणि अर्थात कापसाच्या काडीने, पिनेने, किल्लीने रोज खाजवण्याची सवय. एक कारण मात्र वारंवार नजरेतून सुटते. निओमायसिन हे प्रतिजैविक असलेल्या थेंबांची काही जणांना ॲलर्जी असते. कान वाहतो म्हणून थेंब, थेंबांमुळे कातडी सुजून ओलसर, ओलसर म्हणून आणखी थेंब. कानाच्या पाळीपर्यंत लाली आणि खाज उतरली असेल तर थेंब बदलण्याऐवजी आधी बंद करून पाहावेत. बुरशीचेही तसेच. प्रतिजैविकाचे थेंब लांबले की बुरशी वाढते आणि मग ओल्या वर्तमानपत्रासारखा करडा लगदा नळीत दिसतो. तो सक्शनने पूर्ण काढल्याशिवाय कोणतेही बुरशीचे औषध लागू पडत नाही.

आजाराच्या दोन अवस्था असतात, आणि शस्त्रक्रिया कधी करायची हे त्यांवरच ठरते. पहिली ओली: कान वाहतो, खाजतो, मांस लाल असते, स्पर्श झाला की रक्त येते. दुसरी कोरडी: वाहणे थांबलेले, बूच, म्हणजे नळी अडवणारी ती भिंत, पांढरट आणि घट्ट, तक्रार फक्त कमी ऐकू येण्याची. ओल्या अवस्थेत हत्यार घेऊन आत शिरणे ही या विषयातली सर्वांत मोठी चूक. दाह चालू असलेल्या ऊतीवर केलेली प्रत्येक जखम नवे मांस वाढवते आणि बसवलेली कातडी पुवात तरंगते. मांस दिसले की ते काढून टाकण्याचा मोह होतो आणि रुग्णालाही ते पटते. पण या अवस्थेत करायचे असते ते वेगळेच: मायक्रोस्कोपखाली दर आठवड्याला किंवा दोन आठवड्यांनी सक्शनने सफाई, स्टिरॉइड आणि प्रतिजैविकाचे थेंब, नळी फारच सुजली असेल तर थेंब आत पोचावेत म्हणून स्पंजची विक (वात), मांसाला सिल्व्हर नायट्रेटचा हलका स्पर्श, आणि पाणी पूर्ण बंद. पडद्याला भोक असण्याची शक्यता असेल तर थेंब क्विनोलोन गटातले निवडावेत, कारण जेंटामायसिनच्या गटातली औषधे आतल्या कानाला इजा करू शकतात. वेळेत हे झाले तर काही कान शस्त्रक्रियेपर्यंत येतच नाहीत. कान निदान तीन महिने सलग कोरडा राहिल्याशिवाय आम्ही शस्त्रक्रियेची तारीख देत नाही.

याला अपवाद एक. बुचाच्या मागे कातडी अडकून तिची गाठ तयार होत असेल, म्हणजे कोलेस्टिॲटोमा, तर थांबता येत नाही, कारण ती गाठ हाड खाते. म्हणून कानाच्या हाडाचा बारीक कापांचा सीटी स्कॅन आधी हवाच. साध्या तंतुमय बुचात हाड शाबूत असते, नळीचा आतला भाग मऊ ऊतीने भरलेला दिसतो आणि पलीकडचा मधला कान बहुधा काळा, म्हणजे हवेने भरलेला. हाडाची कड कुरतडलेली दिसली की विचार बदलावा लागतो. गाठीबद्दल शंका राहिली तर एमआरआयचा डिफ्यूजन प्रकार मदतीला येतो. रात्री झोपू न देणारा ठणका आणि सोबत मधुमेह असेल तर ते हाडापर्यंत पोचलेले जिवावरचे इन्फेक्शन असू शकते. त्याला कित्येक आठवड्यांची प्रतिजैविके लागतात, नळी रुंद करणे नव्हे. आणि वाहण्यात रक्त मिसळलेले, दुखणे सततचे, मांस औषधाला दाद न देणारे, असे असेल तर तुकडा काढून तपासायला पाठवलाच पाहिजे. नळीचा कर्करोग दुर्मीळ आहे, पण तो सुरुवातीला हुबेहूब ‘जुना वाहता कान’ असतो.

ऐकण्याची तपासणी दोन कारणांसाठी करायची. एक, नुकसान किती. या आजारात ते साधारण २० ते ४० डेसिबल भरते आणि वहनातले असते. आतला कान ठीक असतो, फक्त आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही. दुसरे, आतला कान खरेच ठीक आहे का. ५१२ हर्ट्झचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) वाजवून कपाळावर मध्यभागी टेकवला की आवाज बुजलेल्या कानात जास्त यायला हवा. घरीही अंदाज येतो: ओठ मिटून ‘हं’ असा लांब आवाज काढला तर बुजलेल्या बाजूला तो घुमतो. तो उलट चांगल्या कानात गेला तर आतल्या कानाची नस कमजोर असण्याची शंका येते, आणि मग नळी कितीही सुंदर रुंद केली तरी ऐकणे फारसे परतत नाही.

आता शस्त्रक्रिया. पूर्ण भूल, दोन ते तीन तास. चेहऱ्याच्या नसेवर लक्ष ठेवणारा मॉनिटर लावायचा असेल तर भूलतज्ज्ञाला आधीच सांगून ठेवावे लागते, स्नायू फार वेळ शिथिल ठेवणारे औषध दिले की मॉनिटर मुका होतो. कानाच्या मागे, घडीपासून थोडे मागे, छेद घेऊन कान पुढे वळवतात. नळीत आणि छेदाच्या जागी ॲड्रेनालिन मिसळलेली लिग्नोकेन (जागा बधिर करणारे औषध) टोचतात, ॲड्रेनालिनचे प्रमाण साधारण १ लाखात १ भाग. ती टोचून दहा मिनिटे थांबायचे. हे थांबणे अनेकांना जमत नाही आणि मग तासभर रक्तात काम करावे लागते.

बाहेरच्या भागातली निरोगी कातडी जपून बाजूला वळवायची, ती फेकायची नाही. छेद बुचाच्या अगदी लगत घ्यायचा. मग मागच्या-वरच्या बाजूने बूच हाडापासून सोडवत आत जायचे. पडद्याला तीन थर असतात: बाहेर कातडी, मध्ये तंतूंचा चिवट थर, आत मधल्या कानाचे नाजूक अस्तर. या आजारात बाहेरचा थर गेलेला असतो आणि बूच थेट मधल्या थरावर बसलेले असते. त्या दोहोंमधली फट सापडली की बूच बहुधा एकसंध सोलून निघते, नाही सापडली तर पडदा फाटतो. पहिली खूण म्हणून हातोडीच्या हाडाचा छोटा उंचवटा शोधतात, तो मिळाला की खोली कळते आणि तिथून पुढे-खाली उतरायचे. खाचेतला शेवटचा तुकडा सर्वांत चिकट असतो. तो ‘राहू दे, थोडासाच आहे’ म्हणून ठेवला तर पुन्हा बुजण्याची सुरुवात तिथूनच होते. पडदा फाटलाच किंवा आधीच भोक असेल तर कानावरच्या स्नायूचे पांढरे आवरण घेऊन तो दुरुस्त करतात.

यानंतर हाड रुंद करायचे, कारण नळीच्या पुढच्या भिंतीला बहुधा एक फुगवटा असतो आणि त्याच्या आड खाच लपते. ड्रिलचा बर (घासणारे फिरते टोक) आधी मोठा, पडद्याजवळ जाताना लहान आणि हिऱ्याचा, वरून पाण्याची धार सतत. पाणी थांबले की हाड भाजते आणि भाजलेल्या हाडावर कातडी रुजत नाही. किती घासायचे? मायक्रोस्कोप एका जागी ठेवून पडद्याभोवतीची कडी संपूर्ण वर्तुळात दिसली पाहिजे, तो तिरका करावा लागला तर काम बाकी आहे. पण चारही बाजूंना शेजारी आहेत. पुढे जबड्याचा सांधा: हाड पातळ होत गेले की गुलाबी छटा येते, तिथे थांबायचे. पुढे गेले तर सांध्याच्या ऊती नळीत फुगतात आणि रुग्ण चावताना कान हलल्याची तक्रार करतो. मागे कानामागच्या हाडातल्या हवेच्या पोकळ्या. त्या उघडल्या तर कूर्चा किंवा स्नायूच्या आवरणाने बुजवाव्या लागतात, नाहीतर तिथून ओल झिरपत राहते. खाली-मागे चेहऱ्याची नस, आणि हे विशेष लक्षात ठेवायचे कारण काही जणांत ती त्या कोपऱ्यात पडद्याच्या कडीपेक्षा बाहेरच्या पातळीवर येते. ‘कडीच्या बाहेर आहोत म्हणजे सुरक्षित आहोत’ हा हिशेब तिथे लागू नाही. चौथा शेजारी हातोडीचे हाड: फिरता बर त्याला क्षणभर जरी लागला तरी धक्का हाडांच्या साखळीतून आतल्या कानात जातो आणि उंच स्वर कायमचे जातात. म्हणून पडद्यावर सिलिकॉनचा तुकडा किंवा तसेच काहीतरी झाकण ठेवून मगच घासायचे.

आता समोर उघडे हाड आहे, सर्व बाजूंनी. इथे काम थांबवून नळीत गॉजचा पॅक भरला तर ते हाड पुन्हा मांसानेच भरणार. लेझरने बूच जाळून काढले तरी हिशेब तोच राहतो, जाहिरातीत काहीही म्हटलेले असो. लेझर रक्त कमी सांडतो, पण कातडी तयार करत नाही. काही शल्यचिकित्सक नवे मांस वाढू नये म्हणून मायटोमायसिन या औषधाचा बोळा काही मिनिटे ठेवतात. त्याने थोडी मदत होत असेलही, उघड्या हाडाला मात्र तो पर्याय नाही.

कातडी किती लागते याचा हिशेब साधा आहे. रुंद केलेल्या नळीचा व्यास १ सें.मी. धरला तर परीघ ३ सें.मी.हून थोडा जास्त. हाडाच्या भागाची खोली साधारण दीड सें.मी. त्यात पडद्यावर घ्यायची कड आणि बाहेरच्या कातडीला टाके घालायची कड मिळवा, शिवाय कापलेली कातडी लगेच आकसते. म्हणून ४ बाय ३ सें.मी.पेक्षा लहान तुकडा घेऊन चालत नाही. जाडी ०.२ ते ०.३ मि.मी., म्हणजे मूळ कातडीच्या जवळपास. ती डरमॅटोमने (कातडीचा पातळ थर कापणाऱ्या यंत्राने) दंडाच्या आतल्या बाजूने, मांडीवरून किंवा जमल्यास कानामागून काढतात. जास्त पातळ घेतली तर फाटते आणि आकसते, जाड घेतली तर रुंद केलेली जागा तिनेच भरून जाते आणि कधी केसांची मुळेही सोबत येतात. पूर्ण जाडीची कातडी आकसते कमी हे खरे, पण ती नळीच्या बाहेरच्या तोंडाशी शोभते, पडद्याजवळ नाही. रुग्णाला एक गोष्ट आधी सांगून ठेवावी: पहिले काही दिवस कानापेक्षा मांडीच जास्त दुखते.

कातडीची आतली कड कात्रीने दातेरी कापतात, म्हणजे ते दाते पडद्यावर चुण्या न पडता बसतात. कोणती बाजू वर, कोणती खाली, हे ओल्या पारदर्शक तुकड्यात चटकन कळत नाही. कच्ची बाजू चमकते आणि कडा तिच्याकडे वळतात. तुकडा उलटा बसला तर तो रुजत नाही, आणि एखादी घडी आत दुमडून राहिली तर तिथे पुढे मोत्यासारखी पांढरी गाठ तयार होते. दोन कडा जिथे भेटतात ती शिवण आम्ही नळीच्या मागच्या बाजूला ठेवतो, कारण तिथे काही बिघडले तर तपासताना सरळ समोर दिसते. पुढच्या खाचेत कातडी हाडाला आणि पडद्याला दोन्हीकडे टेकलीच पाहिजे. ती पुलासारखी ताणून राहिली की खाली पोकळी, पोकळीत रक्त, रक्तातून मांस, आणि खाच पुन्हा बोथट. ऐकण्यावर होणारा परिणाम दिसतो तो या बोथट खाचेमुळे: पडद्याचा पुढचा भाग जखडला जातो आणि काही वेळा अख्खा पडदाच हाडांच्या साखळीपासून बाहेर सरकतो.

कातडीवर सिलिकॉनचे पातळ पट्टे उभे लावतात, त्यांच्या आत औषधी मलम लावलेले स्पंज किंवा पट्टी गॉज. पट्टे लावायचे ते गॉज काढताना कातडी त्याच्यासोबत निघून येऊ नये म्हणून. पॅक इतकाच घट्ट की कातडी हाडाला टेकून राहील. त्याआधी नळीचे बाहेरचे तोंड मोठे करून घ्यायचे असते, कानाच्या वाटीतली चंद्रकोरीच्या आकाराची कूर्चा काढून. हा भाग अनेकदा दिसण्याचा विचार करून टाळला जातो. मग आत ऐसपैस नळी आणि बाहेर अरुंद दार, हवा खेळत नाही, सफाईचे साधन नीट जात नाही. तोंड थोडे मोठे दिसते हे मान्य. कालांतराने ते काहीसे आकसतेही, म्हणून सुरुवातीला जरा जास्तच मोठे करून ठेवावे.

टाके ७ ते १० दिवसांनी, पॅक २ ते ३ आठवड्यांनी काढायचा. पॅक असताना बाहेरचा कापूस ओला होणे आणि थोडा वास येणे अपेक्षित आहे. वाढता ठणका, ताप किंवा हिरवट पाणी अपेक्षित नाही. हिरवट पाणी म्हणजे बहुधा स्यूडोमोनास, आणि हा जंतू दोन-तीन दिवसांत अख्खी कातडी खाऊन टाकू शकतो. अशा वेळी पॅकची तारीख बघत बसायचे नाही, तो काढून थेंब सुरू करायचे. पॅक काढला की लगेच लख्ख ऐकू येईल अशी रुग्णाची अपेक्षा असते. तसे होत नाही, आत खपल्या आणि विरघळता जेलफोम असतो. ऐकण्याचा पहिला खरा आलेख दोन-तीन महिन्यांनी.

पुढचे सहा ते आठ आठवडे निर्णायक. दर आठवड्याला मायक्रोस्कोपखाली बघायचे, खपली ओढून काढायची नाही, भिजवून काढायची. मांसाचा लाल ठिपका दिसला की त्याच दिवशी सिल्व्हर नायट्रेट आणि स्टिरॉइडचे थेंब. शिवणीच्या जागी अंगठीसारखे कडे आवळत चालले तर त्यात ट्रायॅम्सिनोलोन या स्टिरॉइडचे इंजेक्शन आणि पुन्हा काही दिवस स्पंज. काहींना मापाने बनवलेला, मध्ये छिद्र असलेला मऊ सिलिकॉनचा साचा काही महिने रात्री घालायला देतात. तो घट्ट झाला तर दाब पडून जखम होते, म्हणून दुखला तर काढून ठेवून डॉक्टरला दाखवायचा, सोसायचा नाही. आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस, पोहणे डॉक्टर सांगेपर्यंत बंद, कानात काडी कायमची बंद. रुग्ण चौथ्या आठवड्यात ‘बरे वाटतेय’ म्हणून यायचे थांबतो तेव्हाच सर्वांत जास्त नळ्या हातच्या जातात.

बसवलेली कातडी नळीत रुजली तरी वळणाने ती मांडीचीच राहते. मूळ कातडीसारखी ती आपला थर बाहेर सरकवत नाही, त्यामुळे तिचा कोंडा जागेवरच साठतो. दर सहा ते बारा महिन्यांनी सफाई लागते, आणि ती आयुष्यभर. शस्त्रक्रियेआधी हे ज्याला सांगितलेले नसते तो दोन वर्षांनी वाहता कान घेऊन येतो आणि आत कोंड्याच्या लगद्याखाली पुन्हा कच्ची जागा असते. बुजणे वर्षांनीही परतू शकते. म्हणून सहा महिन्यांचा आलेख दाखवून ‘यशस्वी’ म्हणणे घाईचे आहे, कित्येक कानांत सुरुवातीला मिळालेले डेसिबल पुढच्या काही वर्षांत थोडे थोडे परत जातात. मूळ आजार, विशेषतः इसब किंवा सोरायसिस, चालू असेल तर त्वचारोगतज्ज्ञाचे उपचार सोडायचे नाहीत. दोन्ही कान बुजलेले असतील तर एका वेळी एकच कान करावा आणि पहिला पूर्ण स्थिरावल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये.

प्रत्येक बुजलेल्या कानावर शस्त्रक्रिया करावीच असे नाही, आणि हे पुरवणीत कधी छापून येत नाही. कान कोरडा आहे, सीटीमध्ये मागे गाठ नाही, आतला कान चांगला आहे, तर साधे श्रवणयंत्र ३० डेसिबलची तूट सहज भरून काढते. नळीचा बाहेरचा भाग शाबूत असल्याने साचा बसतो. साचा हवा जाऊ देणारा, छिद्राचा घ्यावा. त्यानेही कान ओला होत असेल तर हाडातून आवाज पोचवणारे यंत्र असते, डोक्याच्या पट्ट्यावर लावायचे किंवा टायटॅनियमच्या स्क्रूवर बसवायचे. वय झालेल्या, वारंवार तपासणीला येणे ज्यांना शक्य नाही अशा, किंवा दुसरा कान उत्तम असलेल्या माणसाला आम्ही आधी यंत्र सुचवतो. फक्त बुचाच्या मागे काय चालले आहे ते दिसत नसल्याने अधूनमधून तपासणी मात्र सोडता येत नाही.

शस्त्रक्रिया ठरलीच तर आधी एवढे विचारून घ्यावे: कान पुरेसे दिवस कोरडा आहे का, कातडी बसवणार का आणि कुठून घेणार, बाहेरचे तोंड मोठे करणार का, पॅक निघाल्यावर किती वेळा आणि कोणाकडे यायचे. ‘कातडीची गरज नाही, आपोआप येते’ असे उत्तर मिळाले तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे. आणि घरी जाताना शस्त्रक्रियेची नोंद मागून घ्यावी. तिच्यात पडदा फाटला होता का, पुढच्या बाजूला सांध्यावरचे हाड किती पातळ झाले, मागच्या पोकळ्या उघडल्या का, नस दिसली का, कातडी कोठून आणि किती जाडीची, हे लिहिलेले असावे. काही वर्षांनी दुसऱ्यांदा आत जायची वेळ आली तर नेहमीच्या खुणा पुसलेल्या असतात, आणि पुढे कुठे थांबायचे ते त्या नोंदीवरून कळते.

आपले,
कान-नाक-घसा शस्त्रक्रिया करणारे दोन डॉक्टर